चाळणीतले तीन पाहुणे

समजा, तुमच्या तळहातावर मिठाचा एक कण आहे. आता त्याहूनही बारीक एक स्फटिक मनात आणा. तो सुईच्या टोकाने उचलायचा आणि काचेवर रांगेत मांडायचा. शिंकायचं नाही, हसायचं नाही. शिंकलात, की आठवड्याची मेहनत गेली वाऱ्यावर!

खडेकाका हे काम तीस वर्षं करत होते. खडक फोडायचा, दळायचा, चाळायचा, धुवायचा आणि शेवटी उरलेल्या चिमूटभर वाळूतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचायचे. झिरकॉन जन्मतो तोच पोटात थोडं युरेनियम घेऊन. त्याचं ठरलेल्या चालीने शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं, की कणाचं वय कळतं. ते मोजायचं काम प्रयोगशाळेतल्या बाईंचं.

"वय बाई सांगतात," काका म्हणायचे, "मी आपला पोरांना रांगेत उभं करतो."

शाळेला सुट्टी म्हणून नऊ वर्षांची नात त्या सकाळी त्यांच्याबरोबर आली होती. मोजून झालेल्या कणांची काच सूक्ष्मदर्शकाखाली होती आणि तिचा डोळा भिंगाला चिकटला होता.

"आजोबा, हे तिघं ह्यांच्यातले नाहीत."

"कशावरून गं?"

"बाकीचे बुटके नि पिवळट. हे लांबुडके, गुलाबी. चुकून दुसऱ्याच्याच वाढदिवसाला आल्यासारखे दिसतायत."

काका हसत हसत वाकले. भिंगातून पाहिलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

तेवढ्यात बाई कागद नाचवत आल्या. "काका, लॉटरी लागली! ये गं, तुलाही सांगते. फार पूर्वी समुद्राच्या तळाशी उकळते झरे होते. त्यांच्या पाण्यातून तांबं नि जस्त खाली साठलं. पण त्या धातूच्या थरात झिरकॉन नाहीत, मग त्याचं वय कोणाला विचारायचं?"

"शेजाऱ्यांना!" नात म्हणाली.

"शाब्बास! त्याच्या खाली लाव्ह्याचा थर आहे, वरही आहे. खालचा दोनशे त्र्याहत्तर कोटी वर्षांचा. वरच्यातले बरेच कण दोनशे बहात्तर कोटींचे, पण तीन निघाले एकशे दहा कोटींचे! खडक आपल्या पोटातल्या सगळ्यात धाकट्या कणाहून म्हातारा नसतो. म्हणजे वरचा लाव्हा फार उशिरा आला."

"आणि धातूतलं शिसं काय म्हणतंय?" काकांनी हळूच विचारलं.

"तीच तर गंमत. शिशाचीही जड-हलकी भावंडं असतात, समस्थानिकं. त्यांचं प्रमाण सांगतंय, धातू फार जुना. कोडंच आहे! सोमवारी परिषदेत हेच मांडणार."

बाई आल्या तशा गेल्या. काकांनी कामाची वही उघडली. या लाव्ह्याच्या आधी त्यांनी एक गुलाबी ग्रॅनाइट चाळला होता. वय, एकशे दहा कोटी. पुढे खूण होती, 'चाळणी धुतली.'

ओल्या हाताने वही खराब होते म्हणून काका नेहमी खूण आधी करत आणि चाळणी मग धुवत. ग्रॅनाइट चाळला त्या गुरुवारी खूण केली आणि शाळेतून फोन आला, नात पडली, गुडघा फुटलाय. काका तसेच पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत खूण दिसली आणि त्यांनी सरळ लाव्हा चाळायला घेतला.

त्यांनी चाळणी भिंगाखाली धरली. जाळीत अजून दोन गुलाबी कण अडकलेले होते.

"आजोबा, बाईंना कुठे माहितीये?" नात कुजबुजली. "आणि नव्या माणसांना तुमचीच वही दाखवतात ना, कसं लिहायचं म्हणून?"

"दाखवतात ना." काकांनी चाळणी कागदात गुंडाळली. मग वही आणि चाळणी काखोटीला मारून बाईंच्या खोलीत गेले. नात मागोमाग.

"बाई, ते तीन कण लाव्ह्याचे नाहीत. मी चाळणी न धुताच खूण केली होती."

बाईंनी वही ओढून घेतली आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. "सोमवार तोंडावर आलाय आणि आत्ता सांगताय, काका?"

"हो."

"तीस वर्षांत असं कधी…"

"एकदाच पुरतं, बाई."

बाईंनी हातातला कागद उलटा ठेवला. "आज रागावते तुमच्यावर. पण सोमवारी शंभर माणसांसमोर तोंडघशी पडले असते, तर जन्मभर रागावले असते." कपाट उघडून त्यांनी त्याच लाव्ह्याचा उरलेला मुठीएवढा तुकडा टेबलावर ठेवला. "एवढाच आहे. घ्या पुन्हा."

काकांनी वहीतली खूण खोडली, शेजारी 'धुतली नव्हती' असं लिहून सही केली. बाईंनी सोमवारचं भाषण रद्द केलं. नव्या कणांनी पुढे एका तोंडाने सांगितलं, दोनशे बहात्तर कोटी. तांबं-जस्त दोन लाव्ह्यांच्या मधल्या कोटीभर वर्षांत साठलं होतं. कोडं उरलंच नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी, पुढच्या सुट्टीच्या दिवशी, वेचलेले नवे कण किती ते मोजायचं काम नातीला मिळालं. काका नळाखाली चाळणी घासत पाठमोरे उभे होते.

"…त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट." ती थबकली. कडेचा तो कण मघाशी मोजणीत धरला होता की नव्हता? आता सातच उरले होते.

तिने आजोबांच्या पाठीकडे पाहिलं. नळ चालूच होता. तिने पुन्हा डोळा भिंगाला लावला, रांगेच्या पहिल्या टोकाशी गेली आणि म्हणाली,

"एक."