शेगडीमागचा पत्रा

स्वयंपाकघराच्या दाराला प्लास्टिक चिकटवून झालं, तसं तिने बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाढी करून या. खुंटांवर मास्क नीट बसत नाही."

"माझ्याच घरात मला हुकूम?"

"नाहीतर आईबरोबर शेजारी जाऊन बसा."

बाबा तरातरा बाथरूमकडे गेले. जन्मभर अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांची छपरं घातलेला माणूस, आणि त्याची धूळ फुफ्फुसं खाते म्हणून लेक जुन्या इमारतींमधून तेच काढत फिरणारी. जेवताना हा विषय निघाला की दोघांपैकी एकाचं ताट अर्धं राहायचं. भिंत काळी पडू नये म्हणून शेगडीमागे बसवलेला हा पत्राही बाबांनी कामावरूनच आणलेला. आई तीस वर्षं तो घासणीने खसाखसा घासत आली, आणि या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो दोनदा काढायला लावला. अकरा वर्षं हे काम करून आपण इथे मात्र तोंड उघडलं नाही, बापाचं मन राखत बसलो, हे तिला आतून खात होतं. आज पत्रा निघणार म्हणजे निघणार.

बाबा गुळगुळीत होऊन आले. अंगभर सूट, मास्क चढवला आणि तिच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला.

"पितळेचे आहेत. मीच लावलेत."

धूळ उडू नये म्हणून ती साबणाचं पाणी फवारत राहिली, ते एकेक स्क्रू सोडवत गेले. शेवटच्याच्या खाचेत मळ बसला होता. सवयीने मान पुढे करून बाबांनी फुंकर मारली, ती मास्कमध्येच अडकली. ते ओशाळले. तिने ओल्या फडक्याने खाच पुसून दिली.

पत्रा अखंड निघाला. दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळता गुंडाळता तिने प्रत्येक घरी विचारते तोच प्रश्न विचारला.

"याचा आणखी तुकडा कुठे आहे?"



"अर्धा पत्रा उरला होता. तुझ्या लग्नात इस्त्रीचं टेबल करून दिलं ना, लाकूड जळू नये म्हणून त्यात घातला."

वर आईने जाड कापड शिवून दिलं होतं. आज सकाळीच त्यावर तिने स्वतः आपल्या लेकीचा शाळेचा गणवेश कडक केला होता.

 तिने चिकटपट्टीचं टोक शोधलं, गठ्ठा बंद केला. सूट पिशवीत गेले, हात-तोंड धुऊन झालं, तेव्हा तिने घरी लेकीला फोन लावला.

"इस्त्रीच्या खोलीत जाऊ नकोस, बाळा. दार ओढून घे. मी निघालेच."

बाबा मोरीजवळ उभे होते.

"मी येऊ?"

तिने नव्या पिशव्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"चला. दाढी केलीच आहे."