एक माप लहान

"रुततात गं बाई. दर वेळी माजंच मनगट बरं याला बारीक दिसतं!"

अंबूबाई हे शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. पण बांगड्या भरणाऱ्याचे कान बाईच्या तोंडापासून वीतभरच लांब असतात. सावळारामनं ऐकलं आणि मान वर न करता हसून म्हणाला, "अक्का, हात लई कडक हाय तुमचा. हाडंच रुंद. अंग सैल सोडा, घोंगडी झटकल्यावानी."

बायका हसल्या. तेवढ्यात त्यानं तिचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मुळं एकत्र दाबली आणि हिरवी बांगडी हाडावरून पलीकडे लोटली. अंबूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यानं खालमानेनंच पाहिलं. बरं वाटलं त्याला.

वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वेल्ह्याच्या अलीकडच्या त्या वाडीत सावळाराम नेमका याच दिवसांत यायचा. पौर्णिमा झाली की पाऊस धरतो आणि भाताची लावणी सुरू होते. मग बाईमाणूस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गुडघाभर चिखलात, हात पाण्यात. पाण्यानं हात फुगतात. बेताची बांगडीसुद्धा तेव्हा घट्ट होते, मग एक माप लहान असलेली काय करत असेल? मनगटाला चर पडतो, चरात चिखल जातो, रात्री हात उशाला घेता येत नाही. आणि फोडून टाकावी म्हटलं तर सवाष्णीनं आपल्या हातानं चुडा फोडायचा कसा? सोसायचं. सावळारामला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर तो तेव्हा यायचा.

पहिल्यापासून तो असा नव्हता, हे सांगायला हवं. तो भोंगवलीच्या चांगल्या कुणब्याच्या घरचा. थोरला भाऊ शेती बघायचा. हा एकदा गूळ विकायला भोरच्या बाजारात गेला, ऊन लागलं म्हणून ज्ञानू कासाराच्या दुकानात टेकला आणि तिथंच राहिला म्हणा ना. गवताच्या पेंढीतून बांगड्या निघत होत्या. हिरव्या, मोरपंखी, कुसुंबी. एकेक उजेडाला धरून ज्ञानू बघायचा, तडा गेलेली बाजूला टाकायचा. सावळारामला वाटलं, औताच्या मागं चालण्यापेक्षा हे बरं. त्याचे हात मोठे होते, पण हलके. वर्षभरात ज्ञानूनंच कबूल केलं, की याच्या हातून बांगडी पिचत नाही.

घरी भाऊ चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला ते एवढंच, "आता बायकांचं हात धरत हिंड गावोगाव. तुला कोन पोरगी देतंय बगतो."

आणि खरंच कोणी देईना. स्थळं यायची, घर-जमीन विचारायची, मग धंदा कळला की सुपारी तशीच ताटात. एका मुलीचा चुलता म्हणाला, "आमच्या पोरीचा हात धराय याला कन्यादानाचं पानी पडाय लागायचं न्हाई, सवयच हाय." दुसऱ्या घरी मुलीच्या आजीनं आतून निरोप पाठवला, की पाहुण्याला चहा द्या, चार बांगड्या घ्या आणि वाटेला लावा. सावळारामनं चहा घेतला, बांगड्याही दिल्या. तोवर त्याला हसता येत होतं.

मग मानसिंगाच्या वाडीचं झालं. मानसिंग म्हणजे अंबूबाईचा नवरा. त्याच्या पुतणीसाठी सावळारामला बोलावलं होतं. ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली. मानसिंगाला थट्टेची हौस दांडगी. म्हणाला, "धंदा काय, त्ये आमाला समजू द्या की. भरून दावा." सावळारामला वाटलं, मुलीच्या हातात भरायला सांगतायत. त्यानं भाबडेपणानं बांगड्यांची माळ सोडली. तर दोघांनी त्याचेच हात धरले आणि मानसिंगानं त्याच्याच बांगड्या त्याच्या मनगटांत चढवल्या. दोन फुटल्या, एकीनं रक्त काढलं. "आता शोबतोय!" कोणीतरी ओरडलं. तसाच त्याला वेशीपर्यंत पोचवला, मागून पोरंसोरं, ओसरीओसरीवर बायका. ओढ्यावर येऊन त्यानं दगडावर हात आपटून त्या बांगड्या फोडल्या. घरी आईला सांगितलं, घसरून पडलो.

मानसिंगाचा हात काही त्याच्या हाती लागणार नव्हता. मानसिंग बांगड्या भरत नाही. पण दुसऱ्या वर्षी वटपौर्णिमेच्या तोंडावर अंबूबाईनं विश्वासानं हात पुढे केला, आणि सावळारामनं माळेतून एक माप लहान बांगडी काढली.

एकदा हाताला ती वाट सापडली, की मग फार विचार लागत नाही. आधी अंबूबाई. मग तिच्या जावा. मग त्या दिवशी ओसरीवर हसलेल्या माणसांच्या बायका. मग ज्यांनी ज्यांनी स्थळ नाकारलं त्या घरांतल्या लेकी-सुना. भोरात, शहाण्या गिऱ्हाइकांत, त्याचा हात लोण्यासारखा चालायचा. वेल्ह्याच्या वाटेला लागला की बदलायचा. आणि तोंडानं गोड. "हात कडक हाय", "अंगावर सूज हाय का, अक्का?" बायका घरी जाऊन आपल्याच हातांना तेल चोळायच्या.

त्यांना शंका येत नव्हती असं नाही. नदीवर धुणं धुताना मनगटं शेजारी शेजारी यायची. सगळ्यांच्या चराचा रंग एकच. पण चुड्याला नावं ठेवू नयेत म्हणतात. शिवाय बोलायचं तर कारण बोलावं लागलं असतं, आणि कारण मानसिंगाच्या ओसरीवर बसलेलं होतं. त्या दिवसाचं कोणी नाव काढत नसे. बांगड्या भरणाऱ्यानं येणं सोडलं, तर सणाला भोर गाठायचं कोणी? म्हणून सगळ्याजणी गप्प.

अशी पाच वर्षं गेली. सावळाराम तिशीला आला. आणि त्या दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, गेनबा नावाचा मध्यस्थ पासलीचं स्थळ घेऊन आला. मुलगी सगुणा. वीस वर्षांची. आधी ठरलेला मुलगा तापानं गेला, म्हणून राहिलेली. बाप कोंडिबा सरळ माणूस. त्याला धंद्याचं वावडं नव्हतं. "पाऊस येवो न येवो," म्हणाला, "बाया बांगड्या भरायच्या ऱ्हात्यात व्हय? पोरीला घास तर चुकनार न्हाई."

सावळारामचा आधी विश्वासच बसेना. मग गेनबा जाता जाता सहज बोलला, की मुलीची आत्या वाडीत दिलीय, मानसिंगालाच.

त्या रात्री त्याला झोप आली नाही, पण ती मुलीपायी नव्हे. आई बाळाबाई चुलीशी राख सारत होती. तो एकसारखा बोलत होता. "आये, लग्नात मुलीकडची मानसं नवऱ्याला शीवंवर घ्याया येत्यात का न्हाई? पागोटं बांदत्यात का न्हाई? पाय धुवायला तांब्या कोनाच्या हाती देत्यात, मानाच्या जावयाच्याच ना? मंग झालं! मानसिंग तांब्या घिऊन हुबा ऱ्हाईल आन् म्या पाय फुडं करनार. सगळ्या पासलीसमोर. सावकाश पाय फुडं करनार."

बाळाबाईनं हातातलं फुंकणीचं नळकांडं खाली ठेवलं. "आरं, पोरगी कशी हाय त्ये सांग की आदी."

पासलीला तो दोन सणांना बांगड्या भरायला गेलेला होता. सगुणाही बसली असणारच पुढ्यात. त्यानं बराच वेळ आठवलं. चेहरा येईना.

"हात चांगला हाय," तो म्हणाला.

बाळाबाई पुन्हा राख सारू लागली. ती विधवा बाई. लेकाच्या हातच्या बांगड्या तिच्या मनगटाला कधी लागल्या नव्हत्या. त्या हाताचं दुसरं रूप तिला कसं कळावं?

पासलीत कोंडिबाच्या ओसरीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. सावळाराम, त्याचा भाऊ, गेनबा एका बाजूला. समोर कोंडिबा आणि गावची चार माणसं, आणि भिंतीला पाठ लावून मानसिंग, मिशी जरा पिकलेली. माजघराच्या दारात बायका. मधोमध सगुणाची आई रतनबाई, तिच्या मागं सगुणा, आणि चौकटीला धरून अंबूबाई.

गूळपाणी झालं. देणंघेणं झालं. मानसिंग मोठ्यानं म्हणाला, "काय सावळाराम, आता तर पावनं झाला तुमी आमचं. मागचं मागं टाका म्हंजे झालं." मागचं काय, ते त्यानं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. गेनबानं घाईघाईनं सुपारी कातरायला घेतली.

सावळाराम हसला. "टाकलं की," म्हणाला. मनात तांब्या, पागोटं, पुढे केलेला पाय.

कोंडिबानं दाराकडं तोंड करून विचारलं, "अंबू, तुज्या गावाला हे दर वर्साला येत्यात. मानूस कसा हाय, तूच सांग. पोर म्हनती, आत्या म्हनंल तसं."

सगुणानं आत्याकडं पाहिलं. तिनं आदल्या दिवशीही विचारलं होतं, आणि तेव्हा अंबूबाई तांदूळ निवडत राहिली होती. आताही तिनं पदर सारखा केला. "मी काय सांगनार," म्हणाली. "वर्सातनं दोनदा येत्यात. बांगड्या भरत्यात. जात्यात."

"म्हंजे चांगला," गेनबा म्हणाला आणि सुपारी वाटली.

आता साखर वाटायची एवढंच राहिलं होतं. रतनबाई खूश होऊन बोलली, "सगुणीचा हिरवा चुडा जावयाच्याच हातनं भरू द्या. असं कुनाला मिळतंय?" पुरुष हसले. लग्नाआधी हात धरायचा म्हणजे! म्हातारं माणूस कोणीतरी खाकरलं. मग रतनबाईनंच तोड काढली, "पोरीचा नगं. आदी वडीलधाऱ्या सवाष्णीला भरा. वन्सं, तुमी बसा फुडं."

एरवी बांगड्या भरताना पुरुष तिथं नसतात. ते शेतात असतात, नाहीतर लाजून लांब जातात. आज सगळे डोळे तिथंच होते. सावळाराम आनंदात होता, त्यानं माळ सोडली. अंबूबाई पुढ्यात येऊन बसली. तिनं हात पुढे केला. मनगटावर पांढुरका वळ होता, लावणी होऊन चार महिने उलटले तरी न गेलेला.

आज रुतवायचं कारण नव्हतं. आज सूड दुसरीकडून मिळणार होता, भरपूर. सावळारामनं माळेवरून बोट फिरवलं, न बघता, आणि नेमकी बांगडी काढली. अंबूबाईची बोटं जुळवली. बांगडी हाडावरून अशी उतरली की आवाज आला नाही. दुसरी. तिसरी. दोन्ही हात भरले. मनगटाभोवती त्या खेळत राहिल्या, मोकळ्या, चांगल्या बोटभर जागा ठेवून.

"बगा," रतनबाई कौतुकानं म्हणाली, "काय हात हाय!"

अंबूबाई उठली नाही. भरून झालं की बाई नमस्कार करते, तोही तिनं केला नाही. तिनं हात वर केला, बांगड्या कोपराकडं घसरल्या. खाली केला, मनगटावर आल्या. एकदा, दोनदा. सगुणा दारातून पुढे आली आणि आत्याच्या शेजारी टेकली. सावळारामनं तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती आत्याच्या वळाकडं बघत होती.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "उठा. बाकीच्यांला भरायच्यात."

"माजं माप ठावं होतं तुमाला," अंबूबाई म्हणाली.

"अंबू, काय लावलंय?" मानसिंग भिंतीपासून पुढे सरकला. "चल, ऊठ."

"उटते. आदी बोलू द्या." तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसा होता. "माजं हाड रुंद न्हवतं, म्हंजे. पाच वर्सं म्या माज्याच हाताला शिव्या दिल्या. रात्री ह्यांच्या पायाशी बसून कन्हले, तर हे म्हनायचे, बांगडीचं काय कवतिक सांगतीस."

ओसरीवर कोणी सुपारी चावेना. गेनबा हात वर करून काहीतरी बोलणार होता, सगुणानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. दारातल्या बायकांतली एक, अंबूबाईबरोबर आलेली वाडीचीच सून, मनगटावरचा वळ दिसावा म्हणून सावकाश आपल्या बांगड्या कोपराकडं सारू लागली. मग दुसरी.

सावळाराम माळ गुंडाळत होता. गाठ बसेना.

अंबूबाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"दादा, त्या दिवशी आमच्या ओसरीवर तुमचं हात धरून तुमाला बांगड्या ह्यांनी भरल्या. ह्यांनी, माज्या मालकानं. सगळ्यांला ठावं हाय आन् कोन बोलत न्हाई, म्हून म्या बोलते. लई वंगाळ केलं. पर ह्यांच्या वाटंला जायाची छाती झाली न्हाई तुमची, आन् तुमच्या हाती गावला त्यो हात माजा हुता."