पाच वर्षांची हमी

ल्याओ मालकांनी सही करायला पेनाचं टोपण काढलं, तसा त्यांच्याकडे खरेदी बघणाऱ्या फान श्यू-यिंगने करारावर तळहात ठेवला.

"मालक, जरा थांबा."

"आता काय राहिलं? पाच वर्षं चिप देतो म्हणतात ना!"

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास देणारं यंत्र ल्याओ मालक बनवत, आणि त्याची चिप फक्त शिन्चूच्या या कारखान्यातल्या जुन्या शाखेत निघे. चिप बदलायची तर सरकारी परवानगी मुळापासून पुन्हा, आणि तोवर दवाखाने खोळंबलेले. म्हणून म्हातारे मालक सकाळी देवळात उदबत्त्या लावून आले होते. कारखान्याचे प्रमुख पंग साहेब मात्र तोंडाचे गोड. 'शक्यतो' आणि 'परिस्थितीनुसार' हे शब्द त्यांनी करारभर पेरले होते.

"पंग साहेब, ही शाखा तुम्ही बंद करताय," श्यू-यिंग म्हणाली.

साहेबांचा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

"फान बाई, हे या इमारतीत आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती करार उचलून दोघांना बाहेर, जुन्या शाखेच्या काचेपाशी घेऊन गेली. पलीकडच्या यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचा हिरवा पुडा होता. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून शिन्चूत सगळेच तो ठेवतात. रंग हिरवाच हवा आणि तारीख उलटायच्या आत पुडा बदलायचा, नाहीतर यंत्र रुसतं. भलेभले इंजिनिअर यात चेष्टा खपवून घेत नाहीत. या पुड्याची तारीख मागच्याच वर्षी उलटली होती.

"मघाशी येताना दिसलं. नव्या शाखेत सगळे पुडे ताजे आहेत. इथं कुणाला बदलावासाच वाटला नाही."

साहेब काचेला नाक लावून बघत राहिले. आत पांढऱ्या झग्यांतली माणसं मान खाली घालून कामात होती.

"म्हणजे यांना कळलंय," ते पुटपुटले. "काल यांच्याच टेबलावर जेवलो मी. चकार शब्द काढला नाही कुणी."

"तुम्ही तरी कुठं काढलात?"

साहेबांचे कान लाल झाले. श्यू-यिंगने संधी सोडली नाही.

"बंद करायच्या आधी आम्हाला दहा वर्षं पुरतील एवढ्या चिपा बनवा आणि तुमच्याच कोठारात ठेवा. 'शक्यतो' नको."

"अहो, दोन वर्षं शाखा रात्रंदिवस चालवावी लागेल!"

"मग चालवा की."

"सगळा माल उचलू," मालकांनी छाती पुढे काढली. "लेखी देतो."

"म्हणजे यांनाही दोन वर्षं काम!" काचेपलीकडे बघत पंग साहेब खो खो हसले. दहा वर्षांचं कबूल करून, सगळे 'शक्यतो' खोडून त्यांनी आधी स्वतः सही केली. मालकांची सही होते न होते तोच ते झगा चढवून आत शिरले.

काचेतून आवाज येत नव्हता. माणसं साहेबांभोवती गोळा झाली. तोंडावर मास्क, त्यामुळे हसताहेत की रडताहेत कळेना. मग एका ठेंगण्या बाईने साहेबांच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"अगं, साहेबाला मारलं की तिनं!" मालक दचकले.

श्यू-यिंगचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"मारू द्या, मालक. तिचा हक्कच आहे."