नुरुंजीचे पक्षी

आईला जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळी आत्याने आल्या आल्या टीव्ही बंद केला.

"वहिनीचं श्राद्ध, आणि इथे पाखरं चाललीत. कमाल आहे दादा तुझी."

"मांजरासाठी लावलंय," बाबा म्हणाले.

"दिसतंय ते. पाहुण्यासारखी पहिल्या रांगेत बसलीय."

नुरुंजी म्हणजे आमच्या भाषेत भाताच्या पातेल्याला बुडाशी धरते ती खरवड. मांजराचा रंगच तसा, म्हणून हे नाव. अकराव्या मजल्यावर वाढलेल्या या बाईने खरा पक्षी कधी जवळून पाहिलेला नव्हता. कंटाळून ती सोफा ओरबाडायला लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला रोज सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर पक्षी दाखवत जा. तसले व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण आईला त्यातले पक्षी परके वाटले. आमच्या गावी पर्सिमनची गोड केशरी फळं झाडावरून उतरवताना शेंड्यावरची चार पाखरांसाठी ठेवतात. तिच्या शेवटच्या शरदात आई गावच्या अंगणात स्टूल टाकून बसली आणि ती फळं खायला येणारी काळीपांढरी पाखरं तिने मोबाईलवर टिपली. बाबा तेव्हा म्हणाले होते, "उद्या तिला पेपरही वाचून दाखव."

हॉस्पिटलमध्ये आईने एवढंच मागितलं, मांजराला बाहेर जाऊ देऊ नका आणि पक्षी दाखवत जा.

तेव्हापासून बाबा न चुकता आईने टिपलेले ते पक्षी टीव्हीवर लावायचे. आवाज मात्र कायम बंद. त्यांचं डोकं दुखत असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही. त्या वर्षात आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारलंच नाही. मी कामावर जायचे, यायचे, तांदूळ धुवायचे. दात काढताना गाल बधिर होतो, तसं माझं सगळंच झालं होतं. आईचा फोटो पुसतानासुद्धा मला फक्त काच दिसायची.

आत्याने ताटं मांडली. भात, सूप, अख्खा मासा, नाशपाती. उदबत्ती लावली आणि रीतीप्रमाणे बाहेरचं दार वीतभर उघडं ठेवलं. दार बंद असलं तर गेलेलं माणूस जेवायला येणार कसं? ज्या घरात मांजर आहे तिथे दार उघडं ठेवत नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण ते दार आईसाठी होतं, त्यामुळे मांजर कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, उठलो, पुन्हा वाकलो. मी मान वर केली तेव्हा मासा जागेवर होता, टीव्ही काळा होता आणि नुरुंजी नव्हती.

लिफ्टपाशी नव्हती, वरच्या जिन्यात नव्हती. हाक मारली की येणाऱ्यातली ती मुळातच नव्हे. आत्या दारातच उभी होती. तळमजल्याचं दार कुणी ना कुणी सतत उघडतं आणि पलीकडे मोठा रस्ता आहे. आईने दोनच गोष्टी मागितल्या होत्या आणि त्यातली एक आम्ही तिच्याच श्राद्धाला घालवली, हे मला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

"बाबा, तो व्हिडिओ लावा. मोठ्याने. पाखरांच्या आवाजाने येईल ती."

"नको."

"का?"

ते खोलीत जाऊन आईचा मोबाईल घेऊन आले, जिन्यात माझ्याशेजारी बसले, आणि त्यांनीच आवाज वाढवला.

आधी पाखरांची कलकल आली. मग वाळल्या पानांवर कुणाची तरी पावलं. मग आई. "अहो, हळू चाला ना. उडतील ती."

"मांजराला काय कळतंय त्यातलं?" हा बाबांचा आवाज.

"तिला कळतं. तुम्हालाच कळत नाही." आणि ती हसली. हसता हसता तिला खोकला आला.

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांना हे सगळं पाठ होतं. आवाज का बंद असायचा ते मला तेव्हा समजलं.

आम्ही एकेक मजला उतरत गेलो, आई बोलत राहिली. सहाव्या मजल्यावर कुणाची तरी सायकल लावलेली होती. तिच्यामागून नुरुंजी निघाली, धुळीने माखलेली, आणि थेट मोबाईलच्या पडद्याला नाक लावून बसली. बाबांनी तिला कोटात घेतलं. मोबाईल बंद केला नाही.

वर आलो तर उदबत्ती विझली होती, सूप गार झालं होतं. आत्याने सुस्कारा सोडला आणि दार लावायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले. "तुझी वहिनी मागून येतेय. जिना चढायला तिला वेळ लागतो."

आत्याने दार धरून ठेवलं. मला रडू फुटलं, आणि मी मोकळ्या जिन्याकडे बघत वाट पाहत राहिले.