काम निरंक

पत्र आलं त्या दिवसापासून मुकादमांची छाती दोन इंच फुगलेली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत उद्यान खात्याने त्यांना एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. आता मात्र छापील पत्र! 'टाकीमागील झाडीच्या लागवडीबाबत आपली साक्ष आवश्यक आहे.' आवश्यक! मुकादमांनी ते बायकोला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा चष्मा काढला तेव्हा ती म्हणाली, "कळलं हो. मी काय बहिरी आहे का?" पण शर्टाला इस्त्री तिनेच केली, आणि सुनावणीच्या दिवशी स्वतःही ठेवणीतले कपडे घालून आधी दारात जाऊन उभी राहिली.

प्रकरण असं होतं. पाण्याच्या मोठ्या टाकीमागे चार एकरांची दाट झाडी होती आणि तिथे गाड्या लावायला चार मजली वाहनतळ बांधायचं घाटत होतं. झाडी राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. आणि ही झाडी मुकादमांनी लावलेली. मुकादमांनी म्हणजे त्यांनी आणि बायकोने. ती तेव्हा खात्याच्याच रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामावर होती. जागा कसली, नुसता राडारोडा. पाडलेल्या इमारतींच्या विटा आणून ओतलेल्या. पहार जिथे आत जाईल तिथे खड्डा, नाही गेली तर चला पुढे. त्यामुळे ओळी-बिळी काही नाहीत, सगळा वेडावाकडा कारभार. बावीस वर्षं दोघं ड्युटीच्या आधी दीड तास तिथे जायची. सुरू, शिरीष, तुती, उंबर, जे रोप रोपवाटिकेत वाकडं म्हणून बाजूला टाकलेलं असेल ते ती उचलून आणायची आणि हे लावायचे. भांडणंही तिथेच व्हायची. घरी वेळ कुठे होता?

पण कागदावर यातलं काही म्हणता काही नव्हतं, आणि त्याला कारण खुद्द मुकादमच. खात्याने त्या जागेला नंबरच दिला नव्हता. नंबर नाही म्हणजे टँकर नाही, पाइप नाही, खत नाही. मग खात्यातले सगळेच मुकादम करायचे तेच यांनी केलं. काम करायचं इथे आणि नोंदवहीत लिहायचं शेजारच्या बाग क्रमांक अकराच्या नावावर. बाग अकरा म्हणजे दोन झोके आणि एक घसरगुंडी. नोंदवहीवर विश्वास ठेवला तर त्या घसरगुंडीभोवती अडीच हजार झाडं उभी होती! कोणी कधी मोजायला गेलं नाही. आणि टाकीमागच्या बिननंबरी जागेपुढे मुकादम दर महिन्याला सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'काम निरंक'. निरंक म्हणजे शून्य, काही केलं नाही. खरी नोंद त्यांनी घरच्या एका जाड वहीत ठेवली होती. कुठलं झाड, कुठल्या दिवशी लावलं, कुठलं मेलं, सगळं. पत्रापाठोपाठ कोणीतरी फोन करून पुरावा आहे का विचारलं, तेव्हा खात्याचाच माणूस समजून त्यांनी या वहीचं सांगून टाकलं होतं, आणि ती वही आज बायकोच्या पिशवीत होती.

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर दालनात शिरतात न शिरतात तोच एक गोरागोमटा वकील धावतच आला. "या काका, या! तुमचीच वाट बघतोय. काकू, बसा इथे पंख्याखाली. चहा सांगू ना?" मुकादमांना वाटलं, वा, झाडांना वकील तर चांगला मिळाला! पलीकडे झाडं वाचवणारी मंडळी बसली होती, छातीवर हिरव्या फिती लावून. त्यांच्यातल्या एक चष्मेवाल्या बाई, निवृत्त शिक्षिका, रोज सकाळी झाडीत फिरायला यायच्या. मुकादम त्यांच्याकडे बघून तोंडभर हसले. बाईंनी असं तोंड फिरवलं की जणू यांनी त्यांच्या दारात कचरा टाकलाय.

मुकादम चक्रावले. हा अनोळखी माणूस पायघड्या घालतोय आणि ज्यांनी गळ्यात पडायचं ते नाक मुरडतायत. हे काय चाललंय काय?

तेवढ्यात उद्यान खात्याच्या कारकुनाने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात ओढलं. हा कारकून पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता.

"मुकादम, तुम्ही कशाला आलात?"

"कशाला म्हणजे? तुझ्याच खात्याचं पत्र आलंय."

"पत्र खात्याचं, पण नाव सुचवलं त्या वकिलाने. तुम्ही त्यांचे साक्षीदार आहात."

"कोणाचे?"

"वाहनतळवाल्यांचे."

मुकादमांना आधी हसूच आलं. "अरे वेड लागलंय का तुला? मी झाडं वाचवायला आलोय. ही झाडं आम्ही लावली, हे सांगायला आलोय."

"तेच तर सांगू नका!" कारकून इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला. "नवा नियम आलाय. झाडी आपोआप उगवलेली असेल तर ते शहरी वन. त्याला कोणी हात लावायचा नाही. पण माणसाने लावलेली असेल तर ती बाग, आणि बागेतली झाडं परवानगी घेऊन दुसरीकडे हलवता येतात. तुम्ही लावली म्हणालात की झाली बाग. मग वाहनतळाला रान मोकळं."

हे मुकादमांच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, तरी गुंता सुटेना.

"म्हणजे ज्याला माणसाने पाणी घालून जगवलं ते जाणार, आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही ते राहणार?"

"जाणार नाही, हलवणार."

"हलवतोय! मुळं विटांमध्ये घुसलीत इतक्या वर्षांची. उपटलं की मेलंच ते."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. नियमात मुळांचं काही लिहिलेलं नाही."

"बरं, मग आता ती बाग आहे का वन?"

"ते तर तुम्ही आत जाऊन सांगायचंय," कारकून म्हणाला, आणि आतून शिपायाने मुकादमांच्या नावाचा पुकारा केला.

मुकादम लगबगीने आत आले. बायकोला सांगायला हवं होतं. पण ती पार पुढच्या खुर्चीत, वकिलाने मागवलेला चहा पीत बसलेली, आणि वकील तिच्या शेजारी. मुकादमांना समोरच्या टेबलाशी नेऊन उभं केलं गेलं. मधे दहा-बारा पावलांचं अंतर, पण बोलायचं कसं?

टेबलामागे वृक्ष अधिकारी मॅडम बसल्या होत्या. बाई तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या, पण वागायला सरळ वाटल्या. त्यांनी सांगितलं, "आतापर्यंत दोन्ही बाजू ऐकल्या. रहिवासी म्हणतात, झाडं कुठेही ओळीत नाहीत, तेव्हा ती आपोआप उगवली. वाहनतळाची बाजू म्हणते, तुम्ही लावली. आणि खात्याची नोंदवही तर..." त्यांनी एक लठ्ठ वही उघडून मुकादमांसमोर सरकवली. "हे अक्षर तुमचं?"

अक्षर त्यांचंच होतं. पानामागून पान, महिन्यामागून महिना, काम निरंक, काम निरंक. नोकरीच्या काळात ते लिहिताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. टँकर मिळाला की झालं, असा मामला. आता मात्र ते आपलंच अक्षर बघून भंजाळले. हे खोटं आहे. पण हेच खोटं आता झाडांच्या बाजूने उभं होतं आणि खरं बोलायची घाई झाली होती ती वाहनतळवाल्यांना.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"मग काय ते खरं सांगा. टाकीमागची झाडं कोणी लावली?"

मुकादमांना घाम फुटला. सहा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तोच प्रश्न एवढ्या माणसांपुढे, एवढ्या अदबीने विचारला जात होता. जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांना माहीत होतं की मागे बायको मान वर करून बसली असेल. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. ते वहीकडेच बघत राहिले.

"कोणी नाही," ते म्हणाले. "वहीत लिहिलंय ते बरोबर आहे. आपोआप आली."

दालनात एकदम कुजबूज उठली. वकील ताडकन उभा राहिला. मघाचं काका-बिका सगळं कुठल्या कुठे गेलं. "अहो, फोनवर तुम्हीच सांगितलंत ना की एकेका झाडाची तारीख लिहून ठेवलीय म्हणून? वही घेऊन येतो म्हणालात!"

"मी? नाही बुवा," मुकादम म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"मॅडम, ती वही या काकूंच्या पिशवीत आहे. आत्ताच मला म्हणाल्या त्या!" वकील बायकोकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा. झाडं कोणी लावली? आणि ती वही द्या बरं इकडे."

मुकादमांनी डोळे मिटून घेतले. झालं, आता सगळं संपलं. तिला बिचारीला नियम माहीत नाही, काही नाही. ती आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. उलट खरं बोलून चार माणसांत त्यांची फजितीच केलीय तिने अनेकदा.

बायको उठली. मग पिशवी पोटाशी घट्ट धरून म्हणाली, "हे म्हणतात तेच. आणि वही कसली? ती माझ्या गोळ्यांची वही आहे. कुठली सकाळी घ्यायची, कुठली जेवणानंतर. दाखवू का? पण त्यात माझी दुखणी आहेत, एवढ्या पुरुषांसमोर वाचू नका म्हणजे झालं."

मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी "राहू द्या, राहू द्या" म्हणून हात हलवला. पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. नोंदवही ग्राह्य, झाडी नैसर्गिक, शहरी वन म्हणून नोंद, बांधकामाला मनाई. कुंपण घालून झाडी बंद करायची, परवानगीशिवाय कोणी आत जायचं नाही. हिरव्या फितीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्या बाईंनी मुकादमांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "निसर्गाचं काम निसर्गच करतो, नाही का हो?"

"हो," मुकादम म्हणाले.

खाली कचेरीच्या पायऱ्यांवर दोघं आली. मग बायको थांबली. "आता सांगा, मी खोटं का बोलले?"

मुकादमांनी सांगायला सुरुवात केली. आपोआप आलं तर वन, लावलं तर बाग, बाग असली की हलवता येते. मधेच त्यांनी उलटं सांगितलं, मग सुधारलं, मग पुन्हा चुकले. तिला मात्र पहिल्या फटक्यात कळलं. ती चुन्यासारखी पांढरी पडली.

"म्हणजे झाडं वाचली."

"वाचली."

"आणि ती आपण लावलीच नाहीत."

"कागदावर नाही."

"कागदावर आधीही नव्हती. आज तुम्ही तोंडाने म्हणालात. आणि मीही म्हणाले." ती त्यांच्याकडे वळली. "माझ्याकडे एकदा बघायचं तरी होतं हो."

"बघितलं असतं तर बोलता आलं नसतं मला."

ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिने वहीच्या जाड पुठ्ठ्यावरून वरूनच हात फिरवला. मग मान वर करून तिने विचारलं, अगदी साधेपणाने, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"मग बावीस वर्षं मी रोज अंधारात उठून कुठे जात होते?"

मुकादम तिच्या शेजारी बसले, आणि भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांसमोर, त्यांना रडू कोसळलं.