लोहचुंबक न धरणारी ताटं

मांडणीवरचं ताट हललं तरी मला कळतं. त्यात ही माझ्या रुखवतातली ताटं, आयनं दिलेली. माझी आय गोजरबाई, निमगाव केतकीची. लोकाच्या रानात खुरपायला जायची आन् आठवड्याच्या बाजारातनं एखादं ताट आणून पेटीत टाकायची. काठावर आपलं नाव घालून घ्यायची. त्यातलं एक दिसंना, मग दुसरं दिसंना. मी काय आंधळी हाय व्हय?

संशय सरळ सासूवर. बनाबाई माझ्या सासूचं नाव, मी आत्याबाई म्हणते. नणंदेचं लगीन ठरलेलं. म्हणलं, सुनंची ताटं लेकीच्या रुखवतात चालली. विचारलं तर आत्याबाई उलट्या माझ्यावरच उसळल्या.

"तुझा तो पत्रा माझ्या लेकीला देईन व्हय मी? चारचौघांत हसं करून घ्यायला?"

पत्रा! माझ्या लग्नात भर मांडवात ताटाला टिचकी मारून म्हणल्या हुत्या, "ईहीणबाईंनी पत्रा दिलाय." तवापासनं ह्योच शबूद. भाजी खारट झाली तरी पत्रा, पोरगं रडलं तरी पत्रा. आय बिचारी ऐकून घ्यायची. माझं काळीज जळायचं.

मग एक दिवस पाणी घेऊन घरात आले तर आमचे हे मांडणीपुढं उकिडवे बसलेले. त्यांचं नाव संभाजी, आता सांगायचं म्हणून घेतलं. हातात जुन्या रेडिओतलं लोहचुंबक. ताट उतरवायचं, चुंबक लावायचं, पालथं करून परत लावायचं. मला बघितलं आन् चुंबक खिशात घातलं.

"काय चाललंय?"

"काय न्हाय. असंच."

असंच म्हणं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मायलेकरं मिळून माझ्या आयच्या मालाची तपासणी करतायत. आदी निदान सासूच हुती, आता नवराबी तिच्या वळचणीला गेला. त्या दिशी मी त्यांना भाकरी वाढली ती आदळूनच.

दुसऱ्या दिशी दुपारी ते पोटाशी पिशवी धरून हिरीवरल्या मोटारीच्या खोलीकडं निघाले. मी गवताचा भारा आणायचं निमित्त काढून मागनं गेले. दाराच्या फटीतनं बघितलं. माझी ताटं! काठ कातरून टाकलेले, मधल्या बुडाचे चौकोन केलेले. हे मांडी घालून पॉलिश पेपरनं एकेक चौकोन घासत हुते, आदी उभा, मग आडवा. आरशावाणी लकाकणारं ते स्टील पार करडं, खरबरीत करून टाकलं. मग सोड्याच्या पाण्यानं धुतलं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दोन बोटांनी कडंला धरून खिडकीतनं येणाऱ्या उन्हाला उभं केलं. शेजारी बरणी, रबरी नळ्या, गाडीची बॅटरी. पयला इचार आला, हातभट्टी. दुसरा आला, करणी. हाताला पिशव्या बांधून माणूस दुसरं काय करंल?

मी दार ढकललं. "कुणावर करताय हे?"

"आगं, बोट लावू नगंस! बोटाचा तेलकटपणा लागला तर ग्यास नीट सुटत न्हाय."

मग सगळं बाहेर पडलं. बारामतीत गाडी दुरुस्तीला गेले तवा तिथल्या मेस्तरीनं डोक्यात भरवलं हुतं. पाण्यात स्टीलच्या प्लेटा सोडायच्या, बॅटरी जोडायची, पाणी फुटून हायड्रोजन निघतो. त्यो पेटतो. त्यावर आपली एम-एटी फटफटी पळवायची.

"पळवा की. पण माझ्या आयचीच ताटं का? तुमच्या आयची दिसली न्हाईत?"

ते मान खाली घालून घासतच म्हणले, "तिची लावून बघितली. सगळ्यांना चुंबक चिकटतं. हलकं स्टील. ह्या पाण्यात गंजून जाईल. तुझ्या ताटांना चिकटत न्हाय. अस्सल माल हाय त्यो."

मला रडू का हसू कळंना. इतकी वर्सं मी पत्रा पत्रा ऐकत आले, आन् ह्या माणसाला म्हाईत झालं तर त्यानं तोंड उघडायच्या ऐवजी कात्री काढली.

"मग आत्याबाईंना बोलला का न्हाय?"

"सांगतो की, येळ बघून."

ती येळ दुसऱ्याच दिशी आली. आय आली, नणंदेला साडी घेऊन. आत्याबाईंनी पाट मांडला आन् मला म्हणल्या, "ईहीणबाईंना त्यांच्याच ताटात वाढ." मांडणीवर एकबी ताट शिल्लक नव्हतं. आत्याबाईंनी बघितलं, मग आयकडं बघितलं. "माहेरी पोचती झाली वाटतं. बरं झालं, पत्रा ज्याचा त्याला."

आय पाटावर अवघडून बसली. चोर ठरवली की तिला!

मी पळत जाऊन मोटारीच्या खोलीतनं चौकोन आन् चुंबक आणलं. सगळ्यांपुढं आत्याबाईंच्या ताटाला चुंबक लावलं, ते खाडकन बसलं. आयच्या चौकोनाला लावलं, ते घसरून खाली पडलं. म्हणलं, "बघा आता!"

"बघितलं की!" आत्याबाई टाळी वाजवून हसल्या. "माझ्या ताटाला कसं गच्च धरलंय बघ. तुझ्या पत्र्याला चुंबकबी हात लावंना. आन् रंग तरी बघ त्याचा, डब्याचा पत्रा बरा."

खरंच, घासून घासून त्यो तसाच दिसत हुता. नावाचे काठ तर भंगारात गेलेले. मी ह्यांच्याकडं बघितलं. आयनंबी बघितलं.

"आये, ते उलटं असतंय," हे पुटपुटले.

"काय म्हणलास?"

"काय न्हाय. जेवा तुमी."

मी आयला उठवलं. पोराला काखंला मारलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली आन् आमच्या कळंबच्या स्टँडवर येऊन उभी ऱ्हायले. हे मागनं धापा टाकत आले. "रेश्मे, आगं तुझ्या आयचाच माल खरा. मी काय न्हाय म्हणतोय का?"

"मला सांगून काय उपेग? मला कळलंय. घरात जावा, तुमच्या आयला सांगा, मोठ्यानं. मग न्यायला या."

एस्टी आली. ते खाली उभे ऱ्हायले, घराकडं वळंनात आन् गाडीतबी चढंनात. आयनं खिडकीतनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगतील का गं जावईबापू?"

"मला न्हाय वाटत," मी म्हणलं, आन् दोन तिकिटं मागितली.