नाही झालं तर

एमसीएची प्रवेश परीक्षा आठवड्यावर आली आणि भवानीला जेवण जाईनासं झालं. गणितात बीएस्सी, वर्गात पहिली आलेली मुलगी. पण सरावाचा पेपर पुढे घेतला की तळहात घामेजत आणि येत असलेली उत्तरंही राहून जात.

तिचा थोरला भाऊ श्रीकर तंजावरातच बँकेत होता. सत्त्याण्णव साल होतं. कंप्युटर शिकलेली गल्लीतली मुलं बघता बघता अमेरिकेला चालली होती. मनात शंका आणली की काम बिघडतं, असं श्रीकरने कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. म्हणून घरात त्याने नियमच केला : अपयशाचं नाव काढायचं नाही. सकाळच्या कॉफीआधी भवानीने आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "मला प्रवेश मिळणारच." आईने तर ते शेजारी सांगूनही टाकलं होतं.

"अण्णा, समज, नाही मिळाला तर?" एकदा तिने विचारलं.

"अय्यो, तेवढं बोलू नकोस!" श्रीकर ओरडलाच.

त्याच दुपारी तिला उलटी झाली. श्रीकरची बायको विजयलक्ष्मी तिला सांडगे उलटवायच्या निमित्ताने गच्चीवर घेऊन गेली.

"आता सांग. नाही झालं तर काय होईल?"

"वहिनी, असं बोलायचं नाही."

"इथे कोण ऐकतंय? सांग."

"आई रडेल."

"मग?"

"शेजारचे विचारतील. अण्णा माझ्याशी बोलणार नाही."

"तो? दुसऱ्या दिवशी स्वतःच येईल बोलायला. मग?"

भवानीने एक सांडगा उलटवला. "इथे जवळच ओरत्तनाडूच्या शाळेत गणिताला बाई हव्यात म्हणे. तिथे जाईन. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन." एवढं बोलली आणि तिला रडू कोसळलं.

श्रीकर जिन्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. रागावेल असं दोघींना वाटलं. पण तो कठड्याला टेकून खाली बसला.

"अप्पा गेले तेव्हापासून तुझं काही बिघडलं तर काय करू, हेच मला सुचत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुझ्याकडून ते वदवून घेत होतो. घाबरलोय मीच."

दुसऱ्या दिवसापासून आरशाचा नियम बंद झाला. भवानी थोडं जेवू लागली. भीती काही गेली नाही, पण आता पेपर सोडवताना ती नुसती भीती होती, पाप नव्हतं.

परीक्षेला तिरुचीला दोघं भाऊबहीण बसने गेली. वाटेत श्रीकर काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. फाटकाशी एवढंच म्हणाला, "जमेल तेवढं कर."

आत तिचे हात ओले झालेच. एका उदाहरणात ती अडकली. ते तिने सोडून दिलं आणि पुढचं घेतलं. बाहेर आली तेव्हा पेपर कसा गेला ते तिला सांगता येईना. श्रीकरनेही विचारलं नाही.

यादी लागली. तिचं नाव बरंच खाली होतं. तिरुचीला जागा मिळाली नाही, कोइंबतूरला मिळाली.

आईने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच काळजीत पडली. "एवढ्या लांब, हॉस्टेलात एकटी कशी राहशील गं?"

"माहीत नाही, आई," भवानी म्हणाली. "भीती वाटते. पण जाते."